मालक पुण्याचे, क्लब ब्लॅकबर्नचा आणि मधे तुम्ही

नमस्कार काका,

मी मूळचा वारज्याचा. नऊ वर्षं झाली, नोकरीनिमित्त इंग्लंडात ब्लॅकबर्नला आहे. इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात काम करतो. आलो तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता, आता तेरावं संपलं. शेजारच्या आजोबांनी त्याला एकदा ईवुड पार्कला फुटबॉलची मॅच बघायला नेलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात ब्लॅकबर्न रोव्हर्सशिवाय दुसरा विषय नाही. गेले चार हंगाम आम्ही तिघं शेजारी शेजारी बसतो.

क्लबचे मालक पुण्याचे, कोंबड्यांच्या धंद्यातले व्यंकीज, हे तुम्हाला माहीत असेलच. मी पुण्याचा म्हटल्यावर कँटीनमध्ये 'तुझ्या गाववाल्यांना जरा सांग की' हे ठरलेलं. आधी मीही हसायचो. आता हसू येत नाही. यंदा आजोबांनी जाहीर केलं की मालक जाईपर्यंत ते सीझन तिकीट (अख्ख्या हंगामाचं) काढणार नाहीत. साठ वर्षं मैदानात जाणारा माणूस! आम्हालाही म्हणतात, काढू नका, पैसे मिळायचे बंद झाले की जातील. मुलगा म्हणतो, 'बाबा, पण टीमनं काय केलंय?' दिवाळीत पुण्याला येणार आहोत, तेव्हा मालकांच्या ऑफिसबाहेर बोर्ड घेऊन उभं राहायचं त्याच्या डोक्यात आहे. बायकोचं म्हणणं, कोंबडीवाल्यांपायी घरात वाद कशाला.

तिकीट काढू की नको? आणि ही जी उगाच लाज वाटते तिचं काय करू?

– निळा-पांढरा, ब्लॅकबर्न

*

प्रिय निळा-पांढरा,

लाजेचं आधी उरकू, ते दोन मिनिटांचं काम आहे. पुण्यात जन्मलेल्या माणसानं पुण्यातल्या प्रत्येक कंपनीचा हिशेब अंगावर घ्यायचा म्हटलं तर सकाळी दुधाची पिशवी आणायला बाहेर पडायची सोय राहणार नाही. पुढच्या वेळी कुणी 'गाववाले' काढले की विचारा: मँचेस्टर युनायटेडच्या डोक्यावर कर्ज बसवणारं ग्लेझर कुटुंब अमेरिकेतलं, मग तुमच्या वॉर्डातल्या अमेरिकन डॉक्टरला कुणी जाब विचारतं का? थट्टा म्हणून चाललंय तोवर चालू द्या. स्टँडमध्ये कधी घोषणा मालकांवरून घसरून 'इंडियन' लोकांवर आली, तर मात्र तिथे हसायचं नाही, आणि मुलालाही ते का हसण्यासारखं नाही ते तिथल्या तिथे सांगायचं. तेरा वर्षांच्या पोराला हा फरक कळतो.

मला तुमच्या पत्रात जास्त रस वाटला तो आजोबांमध्ये. मालक गेल्याशिवाय तिकीट नाही, हे साठ वर्षं मॅचला जाणारा माणूस म्हणतो, म्हणजे त्यानं काय काय पाहिलंय याचा जरा हिशेब करा. १९६६ मध्ये रोव्हर्स पहिल्या श्रेणीतून खाली गेले आणि परत वर यायला १९९२ उजाडलं. सव्वीस वर्षं. त्यात दोनदा तर टीम तिसऱ्या श्रेणीत होती. आजोबा तेव्हाही जातच होते ना? मग हरण्याला कंटाळून हा माणूस घरी बसलाय असं म्हणता येणार नाही. हरणं त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. दुसरंच काहीतरी झालंय.

मधे त्यांना एक सोन्यासारखं दशक मिळालं. जॅक वॉकर हा त्याच शहरातला पोलादाचा व्यापारी. १९८९ मध्ये आपला धंदा ब्रिटिश स्टीलला त्यानं ३३ कोटी पौंडांना विकला आणि तो पैसा लहानपणापासूनच्या लाडक्या टीममध्ये ओतला. केनी डॅल्ग्लिश मॅनेजर, ॲलन शिअरर गोल मारायला. १९९५ च्या मे महिन्यात शेवटच्या दिवशी ॲनफिल्डवर लिव्हरपूलकडून हरूनसुद्धा रोव्हर्स प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या श्रेणीचे विजेते झाले, कारण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीच्या पुढे जाता आलं नाही. आजोबांना तो दिवस विचारा आणि मग दोन तास मोकळे ठेवा.

आता एक गोष्ट सांगतो, ती आजोबांना आवडणार नाही. वॉकरचं अर्थकारण आणि व्यंकीजचं अर्थकारण यांत फारसा फरक नाही. क्लब जेवढं कमावतो त्याहून जास्त खर्च करतो आणि खड्डा मालक आपल्या खिशातून भरतो. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, अशा क्लबांची रांगच आहे जिथे खेळाडूंचे पगार क्लबच्या एकूण उत्पन्नालाही ओलांडून जातात. का? तर वरच्या श्रेणीत पोचलं की टीव्हीच्या पैशाचा नळ सुटतो, म्हणून सगळे उधारीवर शिडी चढत असतात. तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंडांपर्यंत तोटा चालेल असं लीगचा नियमच सांगत आला आहे. तोट्याला मर्यादा घालून द्यावी लागते असा धंदा दुसरा कुठला असेल तर मला कळवा. वॉकर २००० साली गेला, पुढे त्याच्या ट्रस्टनं काही वर्षं क्लब सांभाळला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये २ कोटी ३० लाख पौंडांना तो पुण्याच्या कंपनीला विकला. तेव्हापासून पुण्याहून गेलेला पैसा २० कोटी पौंडांच्या पुढे आहे. 'पैसे मिळायचे बंद झाले की जातील' हे आजोबांचं गणित इथेच उलटं पडतं. मालकांना मिळत काही नाही, तेच देताहेत.

मग राग कसला?

क्लब घेतल्यावर महिनाभरात त्यांनी मॅनेजर सॅम अलार्डाईसला काढलं. तेव्हा टीम तेराव्या नंबरावर होती, म्हणजे आज आजोबा डोळे मिटून घेतील अशी जागा. त्याच्या जागी स्टीव्ह कीन आले. ७ मे २०१२ ला ईवुडवर विगनकडून हरून टीम प्रीमियर लीगमधून बाहेर पडली आणि त्या सामन्यात कुणीतरी रोव्हर्सचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात हेनिंग बर्ग मॅनेजर म्हणून ५७ दिवस टिकले, त्यांच्यानंतरचे मायकल ॲपलटन ६७ दिवस. ब्रॉयलरची बॅचसुद्धा निघायला सहा आठवडे लागतात हो, मॅनेजरला जरा तरी जास्त वेळ द्यायचा. बरोबर पाच वर्षांनी, पुन्हा ७ मेलाच, २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला ३-१ हरवूनही गोलफरकानं टीम तिसऱ्या श्रेणीत कोसळली. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कुठलाच क्लब त्याआधी एवढा खाली गेला नव्हता. मॅनेजर टोनी मोब्रेंनी एका वर्षात परत वर काढली, ही त्यातली चांगली गोष्ट.

पण आजोबांना बोलतं केलंत तर यातल्या पराभवांवर ते फार रेंगाळणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. ते म्हणतील, कुणी काही सांगत नाही. मालक गेली कित्येक वर्षं स्टँडमध्ये जवळजवळ दिसलेच नाहीत. निर्णय पुण्यात होतात आणि ब्लॅकबर्नला फक्त त्यांचे परिणाम पोचतात. त्याच गावात जन्मलेला, अ‍ॅकॅडमीत लहानाचा मोठा झालेला ॲडम व्हॉर्टन फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. त्याच उन्हाळ्यात तो युरो स्पर्धेसाठीच्या इंग्लंडच्या संघात होता. त्या काळात ईडीची चौकशी चालू असल्यामुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती. चौकशी म्हणजे दोष नव्हे, हे आपल्याला कळतं, तारखा पडतात म्हणजे काय तेही आपल्याला पाठ आहे. पण लँकेशरमधल्या माणसाला आपली टीम यंदा नवा सेंटर बॅक (बचावातला खेळाडू) घेणार की नाही हे दिल्लीतल्या सुनावणीवरून ओळखायला लागावं? २०२५ मध्ये तर मुलींची टीम दुसऱ्या श्रेणीतून मागेच घेतली.

मला यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट आपल्याच घरातली वाटते. अंड्याचा रोजचा भाव गावोगावच्या पोल्ट्रीवाल्याला कळावा, दलालानं त्याला नाडू नये, यासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली ती व्यंकीजचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं. आजही किराणावाला 'आज कमिटीचा भाव काय' हे बघून ट्रेचा दर सांगतो. भाव रोज सकाळी उघड जाहीर करण्याचं मोल ज्या घराला इतकं कळलं, त्या घरानं पंधरा वर्षं आपल्याच क्लबच्या लोकांशी अबोला धरावा! आजोबा या अबोल्यावर चिडलेत. घरात नवरा पगार आणून देतो पण बोलत नाही, त्या बाईचं जे होतं ते त्यांचं झालंय.

आता बहिष्काराचं. तुमच्या मैदानाचा पाहुण्या प्रेक्षकांचा स्टँड 'डार्वेन एंड' म्हणून ओळखला जातो ना? डार्वेन गाव तुमच्यापासून चार-पाच मैलांवर. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी मुद्दाम तिथे गेले होते, कारण आपल्याकडच्या विदेशी कापडाच्या बहिष्काराची झळ लँकेशरच्या गिरण्यांना बसली होती. गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती हात उंचावून ओरडताहेत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. बहिष्कार चूक होता असं गांधीजींनी तिथे म्हटलं नाही, पण ज्यांच्या पोटावर तो आला त्यांच्यात जाऊन उभे राहिले. मुलाला एखाद्या रविवारी डार्वेनला घेऊन जा. पुण्याच्या पोराला लँकेशरमध्ये इतिहासाचा याहून जवळचा धडा मिळणार नाही.

ईवुडवर बहिष्कार टाकला तर झळ कुणाला? ३१ हजारांचं मैदान आधीच बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास भरतं. तिकिटाचे पैसे आणखी कमी झाले तर पुण्याहून पाठवायची रक्कम थोडी वाढेल, किंवा पुढचा एखादा व्हॉर्टन आणखी लवकर विकला जाईल. मैदानात मीट-पाय हा खाण्याचा पदार्थ विकणारी बाई, गेटवरचा स्टुअर्ड यांना मात्र त्याच शनिवारी फरक पडेल. रिकाम्या खुर्च्यांचा उपयोग शून्य असं मी म्हणत नाही, टीव्हीवर त्या दिसतात आणि कधीतरी मालकाला बोचतात. पण पंधरा वर्षांत किती बोचल्या ते दिसतंच आहे.

शिवाय 'मालक जाऊ देत' यापुढचं वाक्य कुणी बोलत नाही. जाऊ देत, आणि येणार कोण? तुमच्यापासून फार लांब नाही ते 'बरी' नावाचं गाव. तिथला क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगनं त्याला काढूनच टाकलं. १८९४ पासून लीगमध्ये खेळणारा क्लब! शेवटच्या त्या दिवसांत बरीची माणसं झाडू, फडकी घेऊन मैदानात गेली होती, सामना झालाच तर जागा स्वच्छ असावी म्हणून. तो सामना झालाच नाही. पुढे लोकांनीच झगडून मैदान राखलं आणि आता बरीची टीम परत त्याच मैदानावर, गिग लेनवर, खेळते, पण कितीतरी पायऱ्या खालच्या श्रेणीत.

आणि आपल्याकडे? ऑक्टोबर २०११ मध्ये हेच रोव्हर्स पुण्याला आले होते, बालेवाडीत पुणे एफसीशी मॅच खेळायला. मी गेलो होतो. प्रीमियर लीगची टीम म्हणून गर्दी त्यांना बघायला, आणि मी बापडा पुणे एफसीचा शर्ट घालून. तो पुणे एफसी २०१४-१५ च्या हंगामानंतर आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये दिसला नाही. २०१४ मध्येच एफसी पुणे सिटी आली होती, २०१९ मध्ये तीही संपली, लीगमधली तिची जागा हैदराबादला गेली. मुंबईची महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. आमच्याकडे मालकाला कंटाळा आला की क्लब गुंडाळला जातो आणि चार दिवस हळहळ होते, झाडू घेऊन कुणी जात नाही. माझा तो शर्ट अजून कपाटात आहे. बायको तो घालून माळा आवरते. तर तुमच्या गावात चिडायला क्लब शिल्लक आहे, याचा मला, खरं सांगतो, थोडा हेवा वाटतो.

तिकीट काढा. याचं कारण मालकांशी संबंधित नाही. मुलगा तेरा वर्षांचा आहे. अठराव्या वर्षी तो कॉलेजला दुसऱ्या गावी जाईल, तिकडे सगळेच जातात. म्हणजे त्याच्या शेजारी बसायला तुमच्या हातात पाच हंगाम आहेत. हंगामात घरच्या मैदानावर लीगचे २३ सामने. ११५ झाले. त्यातले काही तुमच्या ड्युट्या खातील, काही त्याच्या परीक्षा. उरलेल्यांतला एकही सामना पुण्यातल्या कुणावर रागावून मी सोडला नसता. दर वर्षी निघणारा नवा शर्ट, तिसऱ्या रंगाचा शर्ट, हे नाही घेतलं तर चालेल. तेवढा निषेध घरच्या बजेटलाही बरा, वहिनींचाही पाठिंबा मिळेल.

पण आजोबांना 'तुम्हीही चला' म्हणून आग्रह करू नका. त्यांनी ठरवलंय ते साठ वर्षांच्या खात्यावर ठरवलंय, तुमच्या चार हंगामांनी त्यांना समजावायचं नसतं. सामना संपला की घरी जायच्या आधी त्यांचं दार वाजवा. कोण कसा खेळला, रेफरीनं कुठे घोळ घातला, हे मुलानं त्यांना सांगायचं, तेही स्कोअर त्यांना आधीच माहीत आहे हे माहीत असूनही. त्यांनी रेडिओवर सगळं ऐकलेलं असणार आणि तसं ते कबूल करणार नाहीत. रिकाम्या खुर्चीचं तिकीट दुसऱ्या कुणाला मिळालं तर त्या माणसाबद्दलही ते खोदून खोदून विचारतील. तयारी ठेवा.

तुमच्यासाठी दोन कामं. रोव्हर्स ट्रस्ट ही चाहत्यांची संस्था आहे, तिचे सभासद व्हा आणि बैठकीला जा. पुण्याचा माणूस तिथे येऊन बसला की निम्मे टोमणे आपोआप थांबतील, आणि मालकांच्या कंपनीचा इकडचा ताळेबंद किंवा कोर्टाचा आदेश वाचून समजावून सांगणारा कुणी त्यांना हवाच असेल. दुसरं, इंग्लंडात २०२५ च्या जुलैमध्ये फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला. आता स्वतंत्र नियामक असणार, वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना त्याचा परवाना लागणार, पैशाचं नियोजन दाखवावं लागणार आणि महत्त्वाच्या गोष्टींत चाहत्यांशी सल्लामसलत करावी लागणार. चाहत्यांशी बोलणं आता मालकाच्या मर्जीवर राहणार नाही. कायदा कितपत चावतो ते दिसेल, पण तक्रार करायला एक पत्ता तरी झाला.

आता चिरंजीव. बोर्ड घेऊन उभं राहायला माझी हरकत नाही, पण पुण्यात दिवाळीत ऑफिसं बंद असतात. बंद गेटसमोर पोरगं उभं राहील, वॉचमन त्याला चिवडा खायला घालेल आणि मोहीम संपेल. त्यापेक्षा त्याला पत्र लिहायला सांगा. मराठीत, हातानं, एका पानात. मालक कंपनीनं काय केलं याची यादी त्यात नको, ती त्यांना पाठ आहे. प्रश्न फक्त तीन. तुम्ही आमची मॅच बघायला कधी येणार? मुलींची टीम मागे का घेतली? व्हॉर्टनला विकून आलेले पैसे कुठे गेले? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तुम्ही दुरुस्त करू नका. पत्र पुण्यातल्या पोस्टातून रजिस्टर करून पाठवा, आणि पोचपावती त्याच्याकडे राहू द्या.

उत्तर आलं तर मला कळवा. नाही आलं तर सहा महिन्यांनी तेच पत्र, वर नवी तारीख घालून.

– काका